कृत्रिम पाऊस : ढगाकडून किती अपेक्षा ठेवावी?

मेघबीजनाविषयी, म्हणजे ढगात विशिष्ट कण सोडून पाऊस पाडण्याच्या तंत्राविषयी, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून काही प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : आकाश निरभ्र असताना विमानातून रसायन फवारून पाऊस पाडता येतो का? आणि ढग असलेच, तर त्यांपैकी कोणताही ढग चालतो का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हवेत बाष्प नेहमीच असते, परंतु त्या बाष्पाचा ढग होण्यासाठी हवा मोठ्या प्रमाणावर वर उचलली जाऊन थंड व्हावी लागते, आणि हे काम विमानातून टाकलेल्या काही किलो पावडरीने होण्यासारखे नसते. साधा हिशेब करून पाहावा. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा ढग घेतला आणि त्याच्या प्रत्येक घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅम द्रवरूप पाणी आहे असे धरले, तर त्या ढगात एकूण ५०० टन पाणी असते. बाष्पापासून हे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती सुमारे साडेतीन लाख युनिट विजेइतकी भरते. निसर्गातील एका लहानशा ढगाचा हा व्यवहार आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ते सर्वच्या सर्व ५०० टन पाणी खाली आणता आले, तरी एक चौरस किलोमीटर जमिनीवर त्याचा थर केवळ अर्धा मिलिमीटर होतो. म्हणजे चांगला पाऊस देणारा ढग हा भरलेली टाकी नसतो; खालून ओलसर हवेचा पुरवठा सतत चालू असेल तरच तो बराच काळ बरसू शकतो. म्हणून बीजनासाठी ढग निवडताना त्याची जाडी, त्यातील वर जाणाऱ्या हवेचा जोर, तो किती वेळ टिकेल आणि त्यात द्रवरूप पाणी किती शिल्लक आहे, या गोष्टी पाहाव्या लागतात. पातळ, पसरट थर किंवा आधीच पूर्णपणे बर्फाचा झालेला ढग या कामी निरुपयोगी असतो, आणि जो ढग स्वतःच जोरदार बरसण्याच्या बेतात आहे त्याला मदतीची गरज नसते. या दोन टोकांच्या मधले ढग मोजकेच असतात, ही गोष्ट कृत्रिम पावसाच्या जाहिरातींत क्वचितच सांगितली जाते.

प्रश्न : ढगाचे तापमान शून्याखाली असूनही त्यातले पाणी गोठत कसे नाही? आणि सिल्व्हर आयोडाइडच का वापरतात?

ढगातील एखादा सामान्य थेंब सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा असतो, आणि पावसाचा थेंब साधारण २ मिलिमीटरचा. व्यासात शंभर पट फरक असल्यामुळे आकारमानात तो दहा लाख पट होतो. अर्थात पावसाचा एक थेंब तयार होण्यासाठी ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. केवळ बाष्प साचून थेंब एवढा वाढायला फार वेळ लागतो आणि तोवर बहुतेक ढग विरून जातात. त्यामुळे पाऊस पडायचा तर काहीतरी जवळची वाट सापडावी लागते.

थंड ढगांमध्ये ही वाट बर्फातून जाते. अतिसूक्ष्म आणि शुद्ध थेंब गोठण्यासाठी त्याला आतून किंवा बाहेरून एखाद्या योग्य कणाचा आधार लागतो. तो न मिळाल्यास पाणी उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत द्रवरूपातच राहू शकते. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. मातीचे काही कण आणि काही प्रकारचे जीवाणू नैसर्गिकरीत्या असा आधार पुरवतात, परंतु उणे १५ अंशांपेक्षा उबदार ढगात असे कार्यक्षम कण फार थोडे असतात. एकदा का एखादा हिमस्फटिक तयार झाला, की त्याची वाढ झपाट्याने होते, कारण बर्फाच्या पृष्ठभागाभोवतीचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावरचा बाष्पाचा दाब, पाण्यापेक्षा कमी असतो. उणे १० अंशांना जी हवा पाण्याच्या दृष्टीने नेमकी संपृक्त असते, तीच बर्फाच्या दृष्टीने सुमारे १० टक्के अतिसंपृक्त ठरते. परिणामी भोवतालचे थेंब सुकत जातात, त्यांचे बाष्प स्फटिकावर जमते, आणि काही मिनिटांत तो खाली पडण्याइतका जड होतो. वाटेत हवा उबदार असेल तर जमिनीवर पाऊस पोचतो, नसेल तर हिम.

मेघबीजनाची आधुनिक पद्धत येथूनच सुरू झाली. १९४६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर हे आतून काळे मखमली अस्तर लावलेल्या शीतपेटीत श्वास सोडून अतिशीत ढग तयार करीत होते. पेटी पुरेशी थंड राहत नाही असे पाहून त्यांनी तीत कोरड्या बर्फाचा, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडचा तुकडा टाकला, आणि प्रकाशझोतात असंख्य हिमस्फटिक लुकलुकू लागले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील माउंट ग्रेलॉकच्या परिसरात विमानातून एका ढगात कोरडा बर्फ टाकला आणि त्या ढगातून हिम गळताना दिसले. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असल्याने तो भोवतालची हवा इतकी थंड करतो की कणाच्या आधाराशिवायच स्फटिक तयार होतात. शेफर यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी मात्र वेगळा विचार केला. स्फटिकांच्या रचनेचे तक्ते चाळून त्यांनी असा पदार्थ शोधला, ज्याच्या अणूंची मांडणी बर्फाच्या मांडणीशी जवळजवळ जुळते. तो पदार्थ म्हणजे सिल्व्हर आयोडाइड. पाण्याच्या रेणूंना त्यावर बर्फासारखे रचले जाणे सोपे जाते. उणे ५–६ अंशांपासून तो कामाला लागतो, आणि योग्य रीतीने जाळल्यास त्याच्या एका ग्रॅमपासून दहा लाख कोटींच्या घरात कण मिळू शकतात. म्हणूनच विमानाच्या पंखांना लावलेल्या नळकांड्यांतून किंवा डोंगरउतारावरील जमिनीवरच्या जनित्रांतून सोडलेला हा धूर फार थोड्या वजनात मोठा पल्ला गाठतो.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. अतिशीत ढगाच्या थरातून जाणारे प्रवासी विमानही काही वेळा नकळत बीजन करते. पंख्याच्या पात्यांजवळ किंवा पंखांवरून जाताना हवा एकाएकी प्रसरण पावून इतकी थंड होते की तेथे हिमस्फटिक तयार होतात. ते भोवतालचे पाणी शोषून खाली पडतात आणि ढगाच्या चादरीत स्वच्छ गोल भोक उरते. अशा भोकांची छायाचित्रे पाहून लोक नाना तर्क करतात. त्यामागील कारण मात्र हेच असते.

प्रश्न : उष्ण प्रदेशातील ढग तर गोठणबिंदूच्या वरच असतात. तेथे सिल्व्हर आयोडाइडचा काय उपयोग?

काहीच नाही. अशा ढगांत थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात, आणि ही टक्कर घडण्यासाठी थेंबांचे आकार वेगवेगळे असावे लागतात; सगळे थेंब सारखेच असले तर ते सारख्याच गतीने तरंगत राहतात. म्हणून तेथे ढगाच्या तळाशी, जेथे हवा वर शिरत असते तेथे, मिठाचे किंवा कॅल्शियम क्लोराइडसारख्या ओलावा शोषणाऱ्या क्षारांचे तुलनेने मोठे कण सोडतात. या कणांवर मोठे थेंब लवकर तयार होतात आणि ते वाटेतले लहान थेंब गिळत जातात. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत क्षारांच्या ज्वलनकांड्या वापरून झालेल्या प्रयोगांनी या पद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले. एक अडचण मात्र आहे. कण फार बारीक असले तर उलट परिणाम होतो, कारण उपलब्ध पाणी अधिक थेंबांत वाटले जाऊन सर्वच थेंब लहान राहतात. कणाचा आकार चुकला, तर पाऊस वाढण्याऐवजी घटू शकतो.

प्रश्न : बीजन केल्यावर तासाभरात मुसळधार पाऊस पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. मग शास्त्रज्ञ अजूनही पुरावा कसला मागतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभाही तोच आहे. विमान मुळातच अशा दिवशी उडते की ज्या दिवशी ढग आशादायक असतात. त्या दिवशी पाऊस पडला यात नवल नाही. बीजन केले नसते तर किती पडला असता, हे कळल्याशिवाय श्रेय कोणाचे ते ठरत नाही. शेजारी-शेजारी दिसणारे दोन ढगही एकसारखे वागत नाहीत, आणि नैसर्गिक पावसातील चढउतार बीजनाच्या अपेक्षित परिणामाच्या कित्येक पट मोठा असतो.

या सापळ्यात मोठमोठी माणसे सापडली आहेत. शेफर यांचे वरिष्ठ अर्व्हिंग लँगम्युर हे १९३२ चे रसायनशास्त्रातील नोबेल विजेते. न्यू मेक्सिकोत आठवड्यातील ठराविक दिवशी सिल्व्हर आयोडाइड सोडल्यावर दूरवरच्या अमेरिकी राज्यांत सात दिवसांच्या अंतराने पाऊस पडू लागला, असा दावा त्यांनी केला. हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अशी आवर्तने बीजन नसतानाही अधूनमधून आपोआप दिसतात.

यावरचा उपाय वैद्यकातील औषधचाचणीसारखा आहे. योग्य ढग किंवा योग्य दिवस आधी ठरवायचे, त्यांपैकी कोणावर बीजन करायचे ते चिठ्ठी टाकून निश्चित करायचे, आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. हे सांगायला सोपे असले तरी अशी चाचणी वर्षानुवर्षे चालवावी लागते. इस्राएलमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांतील अशा दोन प्रयोगांतून सुमारे १३ ते १५ टक्के वाढ निघाली, आणि तो देश बराच काळ यशाचे उदाहरण म्हणून सांगितला जाई. पुढे त्या आकडेमोडीवर गंभीर आक्षेप घेतले गेले. तेथील चौथा यादृच्छिक, म्हणजे असाच चिठ्ठी टाकून केलेला, प्रयोग २०१३ पासून सात हिवाळे चालला आणि त्यात वाढ आढळली ती २ टक्क्यांहूनही कमी, म्हणजे योगायोगापासून वेगळी न करता येण्याजोगी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही २००३ च्या अहवालात, हवामानात हेतुपुरस्सर फेरफार करण्याच्या प्रयत्नांच्या परिणामकारकतेचा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अजून नाही, असा निष्कर्ष काढला होता.

त्यानंतर परिस्थिती काही अंशी बदलली आहे, विशेषतः हिमाच्या बाबतीत. २०१७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील पेयेट नदीच्या खोऱ्यात ‘स्नोई’ नावाचा प्रयोग झाला. एक विमान वाऱ्याला आडवे जात सिल्व्हर आयोडाइड सोडत होते आणि दुसरे विमान व जमिनीवरची रडार त्या पट्ट्यावर नजर ठेवून होती. बीजनापूर्वी ज्या ढगांत रडारला जवळजवळ काहीच दिसत नव्हते, त्यांत थोड्याच वेळात विमानाच्या मार्गाची हुबेहूब नागमोडी रेषा उमटली, ती वाऱ्याबरोबर सरकत गेली, रुंदावली आणि तिच्यातून हिम खाली आले. निसर्ग अशा नागमोडी रेषा काढत नाही, त्यामुळे हे हिम बीजनाचेच होते याविषयी शंका उरली नाही. तीन प्रसंगांत मिळून सुमारे ७ लाख घनमीटर पाण्याइतके हिम पडल्याचे गणित संशोधकांनी मांडले. आकडा मोठा वाटतो. परंतु पहिल्या प्रसंगातले सव्वा लाख घनमीटर पाणी दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर पसरले होते, म्हणजे सरासरी थर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. शिवाय असे नितळ प्रसंग मुद्दाम निवडावे लागतात. जेथे नैसर्गिक हिमवर्षाव आधीच चालू असतो, तेथे बीजनाची रेषा त्यात हरवून जाते.

अमेरिकेच्याच वायोमिंग राज्यातील दीर्घ प्रकल्पात बीजनयोग्य हिमवादळांत ५ ते १५ टक्के वाढीचा अंदाज निघाला, मात्र बीजनयोग्य वादळे एकूण वादळांच्या सुमारे एक-तृतीयांशच होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरातील पर्जन्यछायेत उष्ण ढगांवर यादृच्छिक प्रयोग केला आणि बीजनाच्या पुढच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ नोंदवली. हा आकडा उत्साहवर्धक आहे, तथापि इस्राएलचा अनुभव लक्षात घेता एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मिळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : एका भागाने पाऊस पाडून घेतला, तर पुढच्या भागाचा वाटा पळवला जात नाही का?

शंका रास्त आहे, आणि या कारणावरून शेजाऱ्यांमध्ये वादही झाले आहेत. हिशेब मात्र तितकासा भीतिदायक नाही. समजा, डोंगरावरून जाणाऱ्या हवेतील एकूण बाष्पापैकी २० टक्के पाऊस किंवा हिम होऊन खाली पडते आणि बीजनाने त्यात दहा टक्क्यांची भर पडली; तर हवेतून अधिक निघून गेलेला भाग एकूण बाष्पाच्या फक्त २ टक्के होतो, आणि पुढे जाताना हवा जमिनीवरून व जलाशयांवरून नवे बाष्प घेतच असते. वाऱ्याच्या खालच्या दिशेला पाऊस पद्धतशीरपणे घटल्याचा ठोस पुरावा आजवरच्या अभ्यासांतून मिळालेला नाही. अर्थात, जेथे वाढ मोजणेच एवढे अवघड आहे तेथे घट मोजणे तितकेच अवघड, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले पाहिजे.

प्रश्न : दुबईतील २०२४ चा पूर मेघबीजनामुळे आला, हे खरे आहे का?

नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत काही ठिकाणी चोवीस तासांत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि १९४९ पासूनच्या नोंदींत तो सर्वाधिक ठरला. या देशात नियमित बीजन चालते, म्हणून संशय लगेच तिकडे वळला. परंतु ती वादळप्रणाली कित्येक दिवस आधी जगभरच्या हवामान प्रारूपांत, म्हणजे संगणकीय अंदाजांत, दिसत होती, ती शेजारच्या ओमानमध्येही बरसली होती, आणि अमिरातीच्या हवामान केंद्राने त्या वादळात बीजन केले नसल्याचे स्पष्ट केले. ते केले असते तरी फरक पडला नसता. ज्या पद्धतीची कमाल कामगिरी काही टक्क्यांत मोजावी लागते, ती वर्षभराचा पाऊस एका दिवसात आणू शकत नाही.

संशयाची ही परंपरा जुनी आहे. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संशोधकांनी अटलांटिकवरील एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला, आणि ते वादळ वळून जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आदळले. ते वळण बीजनाच्या आधीच सुरू झाले होते, असे पुढे दिसून आले. त्याहीपूर्वी, १९१६ मध्ये, चार्ल्स हॅटफील्ड नावाच्या ‘पाऊस पाडणाऱ्या’ने १०,००० डॉलर्सच्या बोलीवर सॅन डिएगोचे मोरेना धरण भरून देण्याचे कबूल केले, मनोऱ्यांवर रसायने उकळली, आणि खरोखरच महापूर आला. हॅटफील्ड पैसे मागू लागले तेव्हा शहराने पवित्रा घेतला की पाऊस त्यांनी पाडला असेल तर नुकसानभरपाईही त्यांनीच द्यावी. त्यांना मोबदला मिळाला नाही. बीजनाच्या श्रेयाचा आणि दोषाचा प्रश्न यापेक्षा नेमका कोणीच मांडला नसेल.

प्रश्न : चांदीचे संयुग पावसातून जमिनीत गेल्यास ते विषारी ठरत नाही का?

सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; एका लिटरमध्ये त्याचे काही मायक्रोग्रॅमच विरघळू शकतात. जलचरांना घातक असतो तो चांदीचा मुक्त आयन, आणि तो या संयुगातून फारच कमी सुटतो. बीजन केलेल्या पावसात आणि हिमात आढळलेले चांदीचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. सध्याच्या प्रमाणात धोका दिसत नाही, असे मी म्हणेन. तथापि एकाच पाणलोट क्षेत्रात दशकानुदशके बीजन करायचे असेल, तर तेथील माती आणि गाळ यांची वेळोवेळी तपासणी करणे योग्य होय.

प्रश्न : दुष्काळ जाहीर झाल्यावर सरकारांनी मेघबीजन हाती घ्यावे का?

ही वेळ बहुधा सर्वांत चुकीची असते. दुष्काळ पडतो तोच मुळी योग्य ढग न आल्यामुळे. अशा वेळी विमाने सज्ज ठेवून ढगांची वाट पाहण्यात बराचसा खर्च होतो आणि जो काही पाऊस मिळतो तो तापलेली जमीन शोषून घेते. लोकांना काहीतरी होत असल्याचे दिसते, हा त्याचा मुख्य फायदा असावा, असे मला अनेकदा वाटते. ज्यांनी हे तंत्र विचारपूर्वक वापरले आहे त्यांची रीत वेगळी आहे. आयडाहोतील जलविद्युत उत्पादक आणि १९६० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातील जलविद्युत मंडळ यांनी चांगल्या हंगामातही डोंगरावरील ढगांवर बीजन केले, कारण तेव्हा ढग भरपूर असतात आणि वाढीव पाणी धरणात किंवा डोंगरावरच्या हिमाच्या थरात साठवून पुढे वापरता येते. कार्यक्रम करायचाच असेल तर तो अनेक वर्षांचा असावा, त्यात रडार आणि पर्जन्यमापकांचे दाट जाळे असावे, आणि कंत्राटदाराच्या कामाचे मूल्यमापन त्याच्याकडे न सोपवता स्वतंत्र संस्थेकडे द्यावे. शेवटची अट बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही.

प्रश्न : युद्धात पावसाचा वापर झाला होता, हे खरे का?

होय. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात हो चि मिन्ह मार्गावर चिखल होऊन उत्तर व्हिएतनामची रसद अडावी म्हणून गुप्तपणे बीजन केले. ते उघडकीस आल्यानंतर झालेल्या चर्चेतून, पर्यावरणात फेरफार करण्याच्या तंत्रांचा लष्करी किंवा अन्य शत्रुत्वपूर्ण वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार १९७६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झाला आणि तो १९७८ पासून लागू आहे. शांततेच्या काळातील बीजन त्याच्या कक्षेत येत नाही.

प्रश्न : पाऊस पाडण्याऐवजी रोखता येतो का? आणि गारा अडवणाऱ्या तोफांविषयी आपले मत काय?

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी पाऊस क्रीडागारापर्यंत पोचू नये म्हणून चीनने १,१०४ रॉकेटे सोडल्याचे जाहीर केले होते. त्या संध्याकाळी तेथे पाऊस पडला नाही, हे खरे. पण तुलनेसाठी रॉकेटे न सोडलेली तशीच दुसरी संध्याकाळ उपलब्ध नसल्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. याउलट अतिशीत धुके हटवण्यासाठी विमानतळांवर कोरडा बर्फ वापरणे हे बीजनाचे सर्वांत खात्रीचे उपयोजन आहे, कारण धुके जागच्या जागी असते आणि परिणाम डोळ्यांसमोर दिसतो.

गारा कमी करण्यासाठी गडगडाटी ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडण्याचे कार्यक्रम काही देशांत चालतात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९९६ पासून विमा कंपन्या त्याचा खर्च उचलतात. परंतु स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ या काळात रॉकेटांनी केलेल्या यादृच्छिक चाचणीत गारांवर परिणाम आढळला नाही. जमिनीवरून आवाजाचा धक्का पाठवणाऱ्या तोफांना तर भौतिकशास्त्राचा कोणताच आधार नाही. गारा ज्या ढगांत तयार होतात त्यांत विजा सतत कडाडत असतात, त्यांच्या गर्जनेचा धक्का तोफेपेक्षा कितीतरी जवळून आणि कितीतरी जोराने बसतो, आणि तरीही त्याच ढगांतून गारा पडतात.